तुरुंगातील शाळा : तिची तपासणी कोणी करावयाची?

तुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंत, लोखंडी दार आणि बंदूकधारी पहारेकरी उभा राहतो. त्या भिंतीच्या आत शाळाही असते, फळा आणि खडू असतो, मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र असते आणि दरवर्षी काही बंदी तेथे परीक्षा देऊन उत्तीर्ण होतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांनाही वाटते, की ही कुणा भल्या अधिकाऱ्याची मेहेरबानी असावी. आम्ही या लेखात नम्रपणे एवढेच सांगू इच्छितो, की तुरुंगातील शिक्षण ही मेहेरबानी नाही. ती शासनाची जबाबदारी आहे. आणि ती जबाबदारी नीट पार पडते की नाही, हे पाहण्याची दारे भिंतीबाहेरच्या समाजासाठी कायद्याने उघडी ठेवलेली आहेत. त्या दारांवर आपण थाप मारत नाही, हा दोष मात्र आपला आहे.

हा विषय आपला कसा?

कुणी म्हणेल, समाजमंडळाच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक असावे, शिष्यवृत्तीची माहिती असावी. येथे कैद्यांचे काय काम? आमचे उत्तर सरकारी आकड्यांतच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर, म्हणजे दर चारांमागे तीन, हे कच्चे कैदी होते. त्यांचा खटला चालू होता, गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. जेथे १०० जणांची सोय, तेथे १३१ जण राहत होते. एकूण बंद्यांपैकी सुमारे पाव भाग निरक्षर, आणि ज्यांचे शिक्षण दहावीच्या आतच थांबले ते आणखी बरेच अधिक. अनुसूचित जातींचे प्रमाण देशाच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के आहे, तुरुंगात मात्र ते जवळपास पाचवा हिस्सा आहे. अनुसूचित जमातींचेही लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्तच आहे. याचा अर्थ आमचे लोक जास्त गुन्हे करतात असा नव्हे. ज्याच्याजवळ वकिलाची फी नाही, जामीनदार नाही आणि आरोपपत्र वाचता येत नाही, तो आत राहतो. ज्याच्याजवळ हे सारे आहे तो बाहेर येतो, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्या केशोरी, नवेगावबांध, चिचगड या जंगलपट्ट्यातील एखाद्या माणसाला न्यायालयीन कोठडी झाली की भंडाऱ्याचे जिल्हा कारागृह आणि मोठी शिक्षा झाली की नागपूरचे मध्यवर्ती कारागृह, असा साधारण रस्ता असतो. घरच्यांना मुलाखतीला जायचे म्हणजे रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत मजुरी बुडवून पहाटेची एसटी धरावी लागते. दोन-चार भेटींनंतर येणे-जाणे कमी होते. मग आतल्या माणसाशी बाहेरच्या जगाचा दुवा राहतो तो फक्त पत्राचा. आणि पत्र लिहिता-वाचता येत नसेल तर तोही राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, की तुरुंगात अक्षर शिकणे हा वेळ घालविण्याचा छंद नाही. आपला अर्ज आपण लिहिणे, आपल्या तारखा आपण वाचणे, आपण कशावर अंगठा उठवतो आहोत हे समजणे, ही त्या माणसाची पहिली सुटका आहे.

इतिहास काय सांगतो?

महाराष्ट्राच्या तुरुंगांना विद्येचा मोठा इतिहास आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही सारी माणसे शिकूनच आत गेलेली होती. चोरी-मारामारीच्या आरोपात आलेल्या निरक्षर शेतमजुराला त्याच तुरुंगात चक्की आणि रस्सी वळण्याचे काम होते. तुरुंग ज्ञानपीठ झाला तो ज्ञान बरोबर घेऊन गेलेल्यांसाठी; ज्याच्याजवळ काही नव्हते त्याला तेथे कोणी काही दिले का, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

येरवड्याचा तुरुंग तर आपल्या समाजाच्या इतिहासात कायमचा कोरला गेला आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी तेथे पुणे करार झाला. राखीव जागांची चर्चा आपण नेहमी करतो. पण त्या कराराच्या ९ व्या कलमात काय आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावे. प्रत्येक प्रांताने शिक्षणाच्या अनुदानातून पुरेशी रक्कम अस्पृश्य वर्गाच्या शैक्षणिक सोयींसाठी वेगळी काढून ठेवावी, असे ते कलम आहे. बाबासाहेबांनी तेथे नुसते ‘शिक्षण मिळावे’ एवढ्यावर समाधान मानले नाही. पैसा कोणत्या खात्यातून निघेल, हेही लिहून घेतले. मोघम आश्वासन आणि बांधलेली जबाबदारी यांतला फरक त्यांना चांगला ठाऊक होता. तोच फरक आम्हाला आज तुरुंगाच्या शाळेविषयी बोलताना उपयोगी पडतो.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. इंग्रजांचा तुरुंग कायदा १८९४ चा. त्याचा सारा भर बंदोबस्तावर होता. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने प्रथमच स्पष्टपणे मांडले, की शिक्षेचा हेतू माणूस सुधारणे हा असावा. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८० ते १९८३ या काळात देशभरच्या तुरुंगांचा अभ्यास केला. २००३ आणि २०१६ साली केंद्राने नमुना कारागृह नियमावली काढली व २०२३ साली राज्यांसाठी नमुना कायदाही केला. संविधानाच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे तुरुंग हा राज्याचा विषय असल्यामुळे केंद्राने नमुना द्यायचा आणि राज्याने तो आपला करायचा, अशी ही रचना आहे.

महाराष्ट्रातला एक खटला आमच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचे विज्ञानाचे मराठी पुस्तक लिहिले. ते छापण्यासाठी बाहेर पाठविण्यास सरकारने परवानगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ साली न्यायालयाने सांगितले, की नियमात नसलेले बंधन सरकारला बंद्यावर लादता येणार नाही. पुस्तक बाहेर जाऊ द्या. माणूस आत गेला म्हणून त्याचे डोके सरकारजमा होत नाही, हे तत्त्व एका मराठी पुस्तकामुळे प्रस्थापित झाले, याचा आपणास अभिमान वाटला पाहिजे.

आज ही शाळा कोण चालविते?

येथेच खरी मेख आहे. तुरुंग गृहखात्याकडे. शाळा शिक्षणखात्याकडे. साक्षरतेची मोहीम शिक्षण संचालनालयाकडे. दहावी-बारावीची परीक्षा राज्य मंडळाची किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. पदवी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र आहे आणि बंद्यांना शुल्कमाफीची सवलत मिळत आली आहे. या साऱ्या संस्था आपापल्या जागी चांगल्याच आहेत. परंतु वर्ग रोज भरतो की नाही, शिक्षक आहे की नाही, नाव वेळेत नोंदले की नाही, या गोष्टींचा जाब एका कुणाला विचारावा असे ठिकाण सहज सापडत नाही. गृहखाते म्हणणार शिक्षण आमचे काम नव्हे, शिक्षणखाते म्हणणार भिंतीच्या आत आमचा अधिकार चालत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी या शाळेची गत होते.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली जे नियम संमत केले, त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव दिले आहे. २७ वर्षे बंदिवास भोगलेल्या आणि तुरुंगातच टपालाने अभ्यास केलेल्या माणसाचे नाव त्यांना शोभणारेच आहे. त्यातील १०४ वा नियम सांगतो, की निरक्षर आणि तरुण बंद्यांचे शिक्षण सक्तीचे असावे आणि ते देशाच्या सर्वसाधारण शिक्षणपद्धतीशी जोडलेले असावे, म्हणजे सुटल्यावर त्यांना पुढे शिकता येईल. नॉर्वेसारख्या देशात याच विचाराने तुरुंगाचा स्वतःचा शिक्षक नसतो. त्या भागाच्या सार्वजनिक शाळाखात्याचाच शिक्षक आत जाऊन शिकवितो. बाहेरची शाळा आणि आतली शाळा एकच.

आपल्याकडे या शाळेचा एक हिशेब फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात शिक्षा भोगत असलेला बंदी दहावी, बारावी, पदवी अशी परीक्षा उत्तीर्ण झाला तर त्याला शिक्षेत विशेष माफी मिळू शकते. अलीकडच्या वर्षांत ही माफी ९० दिवसांपर्यंत दिली गेली आहे. आता विचार करा. एखाद्या बंद्याचा अर्ज मुदतीत गेला नाही, ऐन परीक्षेच्या तोंडावर त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली, किंवा निकालाची नोंद त्याच्या कागदांवर चढलीच नाही, तर काय होईल? बाहेरच्या विद्यार्थ्याचे एक वर्ष वाया जाते. आतला विद्यार्थी ९० दिवस जास्त आत राहतो. म्हणून तुरुंगातील शाळेचे हजेरीपुस्तक म्हणजे नुसते हजेरीपुस्तक नाही. ते माणसाच्या स्वातंत्र्याचे खातेपुस्तक आहे. पासबुकावर जमा चढली नाही तर खातेदार आरडाओरडा करतो. या खातेदाराचा आवाज भिंतीबाहेर येत नाही.

कच्च्या कैद्याची अडचण याहून वेगळी. शिक्षाच नाही, तर माफी कशातून मिळणार? तो आज सुटेल की दोन वर्षांनी, हे ठाऊक नसल्यामुळे त्याला वर्षभराच्या वर्गात कोणी धरत नाही. म्हणजे दर चारांपैकी तीन बंद्यांना ही शाळा नीट लागूच होत नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन महिन्यांचे छोटे वर्ग हवेत. तेथे अक्षरओळख, अर्जलेखन, कायद्याची प्राथमिक माहिती आणि हिशेब शिकवावा. केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी १५ वर्षांवरील निरक्षरांकरिता ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम आखला आहे. तो गावागावांत राबविता येतो, तर बराकीत का राबवू नये?

आकडेवारीचाही एक दोष सांगितला पाहिजे. राष्ट्रीय अहवालात प्राथमिक शिक्षण, प्रौढ शिक्षण, उच्च शिक्षण व संगणक यांचा लाभ किती बंद्यांनी घेतला, ते छापलेले असते. किती जण परीक्षेला बसले, किती पास झाले, किती जणांना माफी मिळाली, हे त्या तक्त्यातून कळत नाही. नुसती डोकी मोजून शाळा चालली असे म्हणता येत नाही.

लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा

आम्ही बँकेत नोकरी करतो. तेथे पहिल्याच आठवड्यात एक धडा शिकवितात. ज्याने व्हाउचर लिहिले त्याने ते पास करायचे नाही. लिहिणारा कितीही प्रामाणिक असो, तपासणारा दुसराच पाहिजे. दिवसाअखेर कॅश जुळली तरी वर्षाला बाहेरचा ऑडिटर येतोच. यात कुणाचा अपमान नाही. उलट चांगल्या कर्मचाऱ्याला तेच संरक्षण असते. तुरुंगाच्या शाळेलाही हाच नियम लावावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही व्यवस्था आपल्याकडे कागदावर आहे. प्रत्येक तुरुंगाला अभ्यागत मंडळ असावे, असे नियम सांगतात. २०१६ च्या नमुना नियमावलीप्रमाणे जिल्ह्याच्या मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक, आरोग्य व बांधकाम खात्यांचे अधिकारी यांच्याबरोबर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी आणि समाजकल्याण अधिकारीही त्यात आहेत. याशिवाय अशासकीय अभ्यागत असतात. त्यांत आमदार आणि जिल्ह्यातील सामाजिक कार्यकर्ते येतात, आणि स्त्रियांना त्यात स्थान आहे. मंडळाने बैठक घ्यावी, तुरुंग पाहावा, बंद्यांशी बोलावे आणि आपला शेरा अभ्यागत नोंदवहीत लिहावा. म्हणजे शिक्षणाधिकाऱ्याला भिंतीच्या आत जाण्याचे दार आहेच. तो तेथे जातो का आणि काय लिहून येतो, हे विचारणारे कोणी पाहिजे.

दुसरे दार न्यायालयाचे. सुनील बत्रा या बंद्याने सहबंद्यावर झालेल्या अत्याचाराविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या साध्या पत्रालाच याचिका मानून निर्णय दिला, जिल्ह्यातील न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात आणि आत तक्रारपेट्या असाव्यात असे बजावले. पत्र लिहिता आले म्हणून हे घडले, हेही विसरू नये. तिसरे दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे. १९८७ च्या कायद्याखाली ते स्थापन झाले आहे, आणि बंद्याला त्याची मदत फुकट मिळते. चौथे दार मानवी हक्क आयोगाचे. १९९३ च्या कायद्याने आयोगाला तुरुंग पाहण्याचा अधिकार आहे. आणि पाचवे दार तुमच्या-आमच्या हातातले. २००५ चा माहितीचा अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्कही नाही.

इंग्लंडमध्ये शाळा तपासणारे खातेच तुरुंगातील वर्ग तपासते आणि अहवाल सर्वांसाठी छापले जातात. तेथील प्रत्येक तुरुंगाला परिसरातील सामान्य नागरिकांचे एक स्वतंत्र मंडळ असते. त्या बिनपगारी नागरिकांना केव्हाही आत जाऊन कोणत्याही बंद्याशी बोलता येते, आणि त्यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतो. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. परंतु जे बिघडले आहे ते छापले जाते आणि लोकांना वाचायला मिळते.

लोकांनीच का पाहावे, याचे आणखी एक कारण आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तुरुंगात असलेल्या माणसाला मतदान करता येत नाही, मग तो कच्चा कैदी का असेना. ज्याला मत नाही त्याच्या बराकीत निवडणुकीच्या वेळीही कुणी फिरकत नाही. त्याची बाजू बाहेरच्यांनीच मांडली पाहिजे.

जात आत गेली होती

आतापर्यंत जे लिहिले ते सर्व बंद्यांना लागू आहे. परंतु एक गोष्ट खास आपल्या समाजाने लक्षात ठेवावी. तुरुंगात कामाची वाटणी जातीवरून होते, झाडलोट व सफाई एका जातीच्या माथी आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीच्या हाती दिला जातो, हे मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये पुराव्यानिशी लिहिले आणि पुढे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. जातीवर आधारलेली कामाची वाटणी संविधानाच्या १४, १५, १७, २१ आणि २३ या अनुच्छेदांविरुद्ध आहे, म्हणून अशा तरतुदी रद्द. बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढा. राज्यांनी आपल्या नियमावल्या दुरुस्त कराव्यात. आणि हे पाळले जाते की नाही, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासावे, असेही न्यायालयाने सांगितले.

या निकालाचा शिक्षणाशी काय संबंध? सरळ संबंध आहे. ज्याच्या हाती झाडू आहे तो सकाळच्या वर्गाला बसणार केव्हा? काम कोणाला आणि फळा कोणाला, हे जर जातीने ठरले, तर बाहेरची गावकुसाची रचनाच आत पुन्हा उभी राहते. महात्मा फुले यांनी १८५५ साली शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती याच कारणासाठी. दिवस कामात जाणाऱ्याला रात्र तरी शिकायला मिळावी. म्हणून तपासणीला जाणाऱ्याने वर्गात किती बसले एवढेच पाहू नये. वर्गाच्या वेळी सफाईला कोण होते, तेही पाहावे.

आपल्या मंडळाने काय करावे?

मोठ्या गोष्टी बोलून घरी जाण्याची सवय आपण सोडली पाहिजे. आम्ही चार साधी कामे सुचवितो.

एक. माहितीच्या अधिकारात भंडारा आणि नागपूर येथील कारागृहांविषयी पुढील प्रश्न विचारावेत. अभ्यागत मंडळ केव्हा नेमले गेले? गेल्या दोन वर्षांत त्याच्या बैठका किती झाल्या? शिक्षणाधिकाऱ्यांनी किती वेळा भेट दिली आणि काय शेरा लिहिला? शिक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती? परीक्षेला किती बसले, किती पास झाले, आणि पास झालेल्यांपैकी किती जणांच्या कागदांवर माफी चढली? कुणाचे नाव विचारू नये. नुसते आकडे मागावेत. बंद्याचीही अब्रू असते.

दोन. मंडळात निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. अशासकीय अभ्यागत म्हणून त्यांची नावे विचारात घ्यावीत, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे द्यावा. एकदा नकार आला तर पुन्हा द्यावा.

तीन. कारागृहाच्या वाचनालयासाठी पुस्तके द्यावीत, पण आधी अधीक्षकांना पत्र लिहून काय हवे ते विचारावे. जुन्या जंत्र्या आणि फाटक्या गाइडांचा ढीग दान म्हणून पाठवू नये. नवसाक्षरांसाठी मोठ्या टाइपातील पुस्तके, मराठी-हिंदी शब्दकोश, संविधानाची मराठी प्रत आणि मुक्त विद्यालयाची क्रमिक पुस्तके, यांचा खरा उपयोग होतो.

चार. गावातील कुणी आत असेल तर त्याच्या घरच्यांना सांगावे, की भेटीला जाल तेव्हा परीक्षेचा अर्ज भरला का, एवढे विचारा. शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनी गुणपत्रिका घरच्या पेटीत पडलेली असते, आणि त्या एका कागदावाचून त्याचे नाव नोंदले जात नाही. तो कागद पोहोचविणे हे मंडळाच्या कोणत्याही कार्यकर्त्याला जमण्यासारखे आहे.

पैशाविषयीही एक शब्द. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवडा कारागृहातील बंद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. तुरुंगातील मजुरीच्या भरवशावर ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याजाने. त्यातून मुलांची फी भरता येते, वकिलाचा खर्च करता येतो. तारण मागायची सवय असलेल्या बँकेने जर बंद्याच्या श्रमावर विश्वास टाकला, तर समाजाने त्याच्या बुद्धीवर टाकायला काय हरकत आहे?

आज आत असलेला माणूस उद्या याच रस्त्याने परत येणार आहे. तो आपल्याच मोहल्ल्यात राहणार, आपल्याच विहारात येऊन बसणार. तो अंगठा घेऊन गेला आणि अंगठाच घेऊन आला, तर तो दोष एकट्या तुरुंगाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मंडळाच्या पुढच्या मासिक बैठकीत माहितीच्या अर्जाचा मसुदा वाचून दाखविण्याची आमची तयारी आहे. सभासदांनी आणि विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्या बैठकीस यावे, अर्जावर सह्या कराव्यात आणि तीस दिवसांनी उत्तर आले का, हे आठवणीने विचारावे.